सुचायला गंगेवर जावं लागत नाही

‘लिहायचंय? मग गोदाकाठी सोमेश्वरला नाहीतर गंगापूर धरणावर निवांत बसा, आपोआप सुचतं.’ गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या नाशकात हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या फिरतोय. जागा सुंदरच आहेत. पण सुचण्याचं श्रेय त्यांना देणं चूक.

बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता येत नव्हतं. घरकाम आणि शेतीकाम करता करताच त्यांना ओव्या सुचल्या. २०१४ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लोकांना कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालवलं, तरी बसलेल्यांपेक्षा त्यांना जास्त कल्पना सुचल्या. ना नदी, ना झाडं!

पण ‘भांडी घासा, कथा सुचेल’ हेही अर्धसत्यच. अमेरिकेतल्या २०१२च्या एका प्रयोगात, प्रश्नांच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात सोपं काम केलेल्यांना विटेसारख्या साध्या वस्तूचे जास्त वेगळे उपयोग सुचले. नुसत्या बसलेल्यांना किंवा अवघड काम केलेल्यांना तेवढे नाही. मात्र हा फायदा आधी विचार केलेल्या प्रश्नांपुरताच होता. नव्या प्रश्नांना शून्य. पुढे काहींनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसा फरक दिसलाही नाही. तेव्हा याला मंत्र समजू नका.

तरी करून बघण्यासारखं आहे. मेथी निवडायला बसण्याआधी अडलेला परिच्छेद एकदा वाचा. द्वारकासारख्या गजबजलेल्या चौकातून गाडी काढताना मात्र नको, तिथे सगळं लक्ष रस्त्यावरच लागतं. कानात इअरफोनही नकोत, मन मोकळं राहू द्या. आणि सुचलं की हात पुसून लगेच दोन शब्द टिपा, भाजीच्या यादीवर का होईना.