‘स्नफ द पंक’: सीमेवरच्या वस्तीतला पहिला आवाज

पी.ओ.डी. या अमेरिकी ख्रिस्ती रॉक बँडचं नाव बहुतेकांच्या कानावर पडलं ते २००१ मध्ये. ‘सॅटेलाइट’ हा त्यांचा अल्बम आला, ‘अलाइव्ह’ आणि ‘यूथ ऑफ द नेशन’ ही गाणी एमटीव्हीवर गाजली, आणि ड्रेडलॉक्सवाला गायक सनी सँडोव्हाल घराघरांतल्या पोरांना माहीत झाला. अमेरिकेत त्या अल्बमला तिप्पट प्लॅटिनम, म्हणजे तीस लाख प्रतींचा दर्जा मिळाला. पण या बँडवर जुना जीव असलेल्या श्रोत्यांमध्ये गप्पा सुरू झाल्या की त्या सात वर्षं मागे जातात. १९९४ चा ‘स्नफ द पंक’ हा त्यांचा पहिला अल्बम. ना त्यात रेडिओवर वाजेल असं गाणं, ना मोठ्या कंपनीचं पाठबळ, ना सफाईदार रेकॉर्डिंग. तरी तो पुन्हा पुन्हा ऐकला जातो. माझ्या मते त्याचं कारण तो कुणासाठी केला होता यात आहे. चर्चच्या समितीला आवडावं किंवा बाजारात खपावं म्हणून हा अल्बम केलेला वाटत नाही. तो आपल्याच गल्लीतल्या पोरांशी, त्यांच्याच बोलीत बोलतो. हे समजायचं तर त्या गल्लीपासून सुरुवात करायला हवी.

बँड सॅन डिएगोचा. सॅन डिएगो म्हटलं की समुद्रकिनारे, नौदलाचा तळ आणि सुखवस्तू कॅलिफोर्निया डोळ्यांपुढे येतो. शहराच्या दक्षिण टोकाचं सॅन इसिद्रो मात्र वेगळंच. महामार्ग क्रमांक ५ इथे येऊन संपतो तो थेट मेक्सिकोच्या सीमेवर. पलीकडे तिहुआना. जमिनीवरच्या सीमानाक्यांमध्ये जगात सर्वांत जास्त वर्दळीचा जो नाका मानला जातो, तो हाच. हा भाग १९५७ मध्ये सॅन डिएगो शहरात सामील झाला, पण मध्ये चुला व्हिस्टा आणि नॅशनल सिटी ही वेगळी शहरं आहेत. त्यामुळे महापालिकेच्या नकाशावर तो उरलेल्या शहराला जोडलेला आहे तो खाडीतून काढलेल्या एका चिंचोळ्या पट्ट्याने. कागदावर शहरात आणि प्रत्यक्षात शहराबाहेर, असं या दक्षिण भागाचं जगणं. तिथली पोरं त्याला साउथटाउन म्हणतात.

‘स्नफ द पंक’ आला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी सरकारने इथल्या सीमेवर ‘ऑपरेशन गेटकीपर’ सुरू केलं. कुंपणं वाढली, गस्त वाढली. नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या सोयीसवलती काढून घेणारा ‘प्रपोझिशन १८७’ मंजूर केला. पुढे न्यायालयाने तो अडवला, पण हवा काय होती ते यावरून कळतं. अल्बमच्या गाण्यांत हे राजकारण थेट येत नाही. मात्र बँडची घडण याच मातीतली होती. गिटारवर मार्कोस क्युरिएल, मेक्सिकन वंशाचा. बेसवर ट्रा डॅनियल्स, क्लीव्हलँडहून आलेला कृष्णवर्णीय. ड्रमवर वुव्ह बर्नार्डो आणि गायला सनी. हे दोघं सख्खे नव्हेत, पण नात्याने भाऊ, आणि त्यांच्या घराण्यात मेक्सिकोपासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंतचा वारसा मिसळलेला. तोवरचं ख्रिस्ती रॉक बहुतांशी गोऱ्या, उपनगरी चर्चमधल्या मुलांचं होतं. त्या मंचावर असे चार चेहरे एकत्र दिसणं ही साधी गोष्ट नव्हती.

ख्रिस्ती रॉकचा उगमही कॅलिफोर्नियातलाच. साठच्या दशकाच्या शेवटी हिप्पी चळवळीतून बाहेर पडलेले हजारो तरुण येशूकडे वळले. कोस्टा मेसा इथल्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये चक स्मिथ या पाद्रींनी लांब केसांच्या, अनवाणी पोरांना दार उघडं ठेवलं. ही पोरं गिटार घेऊनच आत आली. १९६९ मध्ये लॅरी नॉर्मनचा ‘अपॉन धिस रॉक’ निघाला, आणि पुष्कळ जण त्यालाच पहिला ख्रिस्ती रॉक अल्बम मानतात. पुढे या उमाळ्याचं रूपांतर उद्योगात झालं. वेगळी दुकानं, वेगळी रेडिओ स्टेशनं, वेगळे पुरस्कार. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातच या कॅसेट विकल्या जात, आणि दुकानदाराला पटेल तेच कपाटात लागे. ऐंशीच्या दशकात स्ट्रायपर या ख्रिस्ती मेटल बँडने प्रेक्षकांत बायबलच्या प्रती भिरकावल्या आणि १९८६ चा त्यांचा अल्बम प्लॅटिनम झाला, तेव्हा टीव्हीवरचे प्रवचनकार त्यांच्यावर तुटून पडले. जिमी स्वॅगर्ट तर ख्रिस्ती रॉक ही कल्पनाच सैतानी ठरवत होते.

याचा परिणाम असा झाला की ख्रिस्ती बँडने कसं वागावं, कसं दिसावं आणि गाण्यात येशूचं नाव किती वेळा यावं, याचे अलिखित नियम झाले. एखादा ढंग बाहेर लोकप्रिय झाला की त्याची सोवळी आवृत्ती काढायची, हा धंद्याचा एक भागच बनला. त्या आवृत्त्यांत तंत्र असे, जीव क्वचित. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण त्या काळात मनापासून गाणारेही होते. पण दुकानाच्या कपाटाने फार जणांच्या गाण्यातला जीव काढून घेतला.

दुसरीकडे रॅप आणि रॉक एकमेकांच्या अंगणात शिरत होते. १९८६ मध्ये रन-डीएमसी या रॅप गटाने एरोस्मिथ या रॉक बँडचं ‘वॉक धिस वे’ त्यांनाच बरोबर घेऊन नव्याने केलं. १९९१ मध्ये ॲन्थ्रॅक्स हा मेटल बँड आणि पब्लिक एनिमी हा रॅप गट ‘ब्रिंग द नॉइझ’साठी एकत्र आले. १९९२ च्या अखेरीला रेज अगेन्स्ट द मशीनचा पहिला अल्बम आला आणि हा प्रकार निव्वळ प्रयोग उरला नाही. पी.ओ.डी.ला नंतर ‘न्यू मेटल’च्या, म्हणजे रॅप मिसळलेल्या मेटलच्या लाटेवर आलेला बँड म्हणून हिणवलं गेलं, म्हणून तारखा सांगायलाच हव्यात. कॉर्नचा पहिला अल्बम १९९४ च्या ऑक्टोबरमधला, लिम्प बिझकिटचा १९९७ चा, लिंकिन पार्कचा २००० चा. ‘स्नफ द पंक’ तोवर हातोहात फिरत होता.

बँडची सुरुवात जॅमिंगमधून झाली. वुव्ह आणि मार्कोस मित्रांना जमवून मेटल आणि पंक वाजवत. बॅड ब्रेन्स हे त्यांचं एक दैवत. हार्डकोर पंक आणि रेगे एकाच मैफलीत वाजवणारा हा कृष्णवर्णीयांचा बँड पी.ओ.डी.च्या सगळ्या वाटचालीत मागे उभा दिसतो. तेव्हा सनी त्यांच्यात नव्हता. त्याचं आयुष्य नशापाणी आणि रस्त्यावरच्या उद्योगांत चाललं होतं. मग आईला रक्ताचा कर्करोग झाला. तिच्या आजारपणात आणि मृत्यूच्या त्या दिवसांत तो तिच्या श्रद्धेकडे वळला. ही हकिगत त्याने मुलाखतींतून अनेकदा स्वतःच सांगितली आहे. भाऊ भरकटू नये म्हणून वुव्हने त्याला बँडमध्ये ओढलं. त्याने आधी कधी बँडमध्ये गायलेलं नव्हतं. अल्बममधला त्याचा आवाज ऐकताना हे लक्षात ठेवलं की बरंच काही उलगडतं. तो गाणं शिकलेला माणूस नाही. आई नुकतीच गेलेली आहे आणि जे हाती लागलं ते घट्ट धरून तो ओरडतो आहे.

नावही याच मरणाशी जोडलेलं. ‘पेएबल ऑन डेथ’ हा अमेरिकी बँकांतला शब्दप्रयोग. आपण खात्याला नॉमिनी लावतो तसाच प्रकार: खातेदार गेला की पैसे त्याने नेमलेल्या वारसाला मिळतात. वुव्हची तेव्हाची मैत्रीण बँकेत कामाला होती, तिने हे नाव सुचवलं. येशूच्या मरणाने आपलं देणं फिटलं आणि वारसा आपल्याला मिळाला, असा अर्थ या मुलांनी त्यात पाहिला. ‘पापाचे वेतन मरण आहे’ हे बायबलमधलं वचन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना नाव ऐकताच त्याचा रोख कळतो.

‘स्नफ द पंक’ निघाला रेस्क्यू रेकॉर्ड्सवर. हे लेबल वुव्हच्या वडिलांचं, नोआ बर्नार्डो सीनियर यांचं. म्हणजे घरचंच. ‘पंक’ म्हणजे सैतान, आणि त्याला संपवायचं, असं शीर्षकाचं सांगणं आहे. पवित्र युद्धाची जुनी कल्पना, पण भाषा नाक्यावरच्या मारामारीची. सगळा अल्बम याच दोन टोकांच्या मधे उभा आहे. ‘थ्री इन द पॉवर ऑफ वन’ हे गाणं त्रैक्याच्या सिद्धान्तावर. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा विषय चर्चमध्ये शांतपणे समजावून सांगायचा. इथे तो घोषणेसारखा कानावर आदळतो. ‘एव्हरी नी’ हे नाव फिलिप्पैकरांस पत्रातलं: येशूच्या नावाने प्रत्येक गुडघा टेकला जावा. वस्तीतल्या ज्या पोराला कुणापुढे झुकायचं नसतं, त्यालाच हे ऐकवलं जातंय. ‘रन’, ‘गेट इट स्ट्रेट’, ‘ड्रॉ द लाइन’ ही नावंसुद्धा आज्ञेसारखी. सनी जवळजवळ पूर्ण वेळ रॅप करतो किंवा ओरडतो, सुरात गाणं नावापुरतंच. मार्कोसची गिटार थ्रॅश मेटलकडे झुकलेली आणि बेसमध्ये फंक. या दोघांची ओढाताण अल्बमला चालतं ठेवते. आवाजाची जुळणी खडबडीत आहे, काही ठिकाणी वाद्यं एकमेकांवर चढतात. १९९९ मध्ये तो पुन्हा मिक्स करून नव्याने प्रसिद्ध केला गेला आणि ऐकायला सोपा झाला. मला मूळचा खडबडीतपणा अधिक खरा वाटतो.

या अल्बमची एक बाजू अवघडही आहे, ती टाळून चालणार नाही. शेवटचं गाणं गर्भपाताच्या विरोधात आहे आणि त्याचं शीर्षकच गर्भपाताला खून म्हणतं. तिशी न गाठलेल्या पोरांनी, नव्याने सापडलेल्या श्रद्धेच्या भरात, ज्या स्त्रीला हा निर्णय घ्यावा लागतो तिचा विचार न करता केलेलं हे विधान आहे. मला ते पटत नाही. पण याच अल्बममधली जी निर्भीडता इतरत्र भावते, तिचंच हे दुसरं रूप आहे. एक ठेवून दुसरं कापून टाकलं तर अल्बम कळणार नाही. पुढच्या अल्बममध्ये हा सूर दिसत नाही. बँड लोकांना बजावण्यापेक्षा त्यांच्याबरोबर उभं राहायला शिकला.

ते शिकणं १९९६ च्या ‘ब्राउन’मध्ये ऐकू येतं. गाण्यांची यादीच पाहा: ‘फंक जॅम’, ‘रेगे जॅम’, ‘पंक रेगे जॅम’. ‘सेला’ हा स्तोत्रसंहितेत ओळींच्या शेवटी येणारा शब्द, आणि त्याच यादीत ‘ब्रीद बॅबिलॉन’. बॅबिलॉन म्हणजे जुलमी सत्ता, ही रेगेची बोली. पण ती रेगेनेही बायबलमधूनच घेतलेली. पहिल्या अल्बममध्ये जो राग सरळ रेषेत येत होता, त्याला इथे श्वास मिळाला, लय सैल झाली. संगीत म्हणून ‘ब्राउन’ सरस आहे. तरी पहिल्यांदा बोलणाऱ्याच्या आवाजातली घाई फक्त ‘स्नफ द पंक’मध्येच सापडते.

तो पसरला कसा? गाडीत सामान भरून गावोगाव फिरून. चर्चचे हॉल, युवक मेळावे, छोटे क्लब, आणि कार्यक्रमानंतर टेबल मांडून विक्री. ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिल गावात टिम कुक हे ‘वेअर-हाउस’ नावाचा क्लब चालवत. पोरांनी फारच आग्रह धरला म्हणून त्यांनी या बँडला बोलावलं. कार्यक्रमाने ते इतके हलले की पुढे बँडचे व्यवस्थापकच झाले. चाहत्यांना ‘वॉरियर्स’ हे नाव पडलं ते याच फिरतीत जमलेल्या माणसांमुळे. १९९७ मध्ये ‘लाइव्ह ॲट टॉमफेस्ट’ हा प्रत्यक्ष कार्यक्रमातला अल्बम निघाला. त्यानंतर इसेन्शियल रेकॉर्ड्स या ख्रिस्ती कंपनीने एक लाख डॉलरचा करार पुढे केला. सतत रस्त्यावर असणाऱ्या बँडसाठी ही रक्कम लहान नव्हती. सनीने नाही म्हणायला सांगितलं. देवाच्या मनात आपल्यासाठी याहून मोठं काही आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

१९९८ मध्ये अटलांटिक रेकॉर्ड्सशी करार झाला. ही ख्रिस्ती बाजारातली कंपनी नव्हे, मुख्य प्रवाहातली. ऑगस्ट १९९९ मध्ये हॉवर्ड बेन्सन यांनी निर्मिती केलेला ‘द फंडामेंटल एलिमेंट्स ऑफ साउथटाउन’ आला आणि प्लॅटिनम झाला. अल्बमच्या मुखपृष्ठावरून काही ख्रिस्ती दुकानांनी नाक मुरडलं. २००० मध्ये बँड ‘ऑझफेस्ट’च्या दौऱ्यावर गेला तेव्हा, मेटल गायक ऑझी ऑझबॉर्नच्या मंचावर येशूभक्तांचं काय काम, अशीही टीका झाली. पण ज्यांनी ‘स्नफ द पंक’ ऐकला होता त्यांना यात नवल वाटायचं कारण नव्हतं. पहिल्या दिवसापासून हा बँड चर्चच्या भिंतीबाहेरच्या माणसाशीच बोलत होता. आता ती माणसं हजारोंनी समोर होती, एवढाच फरक. आणि १९९४ मध्ये ज्या वस्तीसाठी तो अल्बम केला, तिचं नाव या वेळी थेट अल्बमच्या शीर्षकात होतं.