कॉलेजच्या नव्या बिल्डिंगसाठी ग्रिहा रेटिंग: अर्ज कधी करायचा, कागद कोणते लागतात

कॉलेजात नवी बिल्डिंग किंवा होस्टेल बांधायचं चाललंय आणि ग्रिहाचं ग्रीन रेटिंग (बिल्डिंग किती पर्यावरणपूरक आहे त्यावर मिळणारे स्टार) घ्यायचंय, तर अर्ज प्लॅन कागदावर असतानाच करा, स्लॅब पडल्यावर नाही. बरेच जण आधी बांधून मोकळे होतात, वर सोलर पॅनल बसवतात आणि मग सर्टिफिकेटच्या मागे लागतात, तोवर बरेच पॉइंट गेलेले असतात, कारण बिल्डिंगचं तोंड कुठल्या दिशेला, खिडक्यांवर सावली किती, जुनी झाडं वाचवली का, खोदाईआधी वरची सुपीक माती काढून वेगळी ठेवली का, हे सगळं बघतात.

पात्रता सोपी आहे. बिल्ट-अप एरिया २,५०० चौ.मी.च्या वर असेल तर ग्रिहा, त्याहून लहान असेल तर स्वग्रिहा, म्हणजे लहान बिल्डिंगसाठीचं ग्रिहा. ग्रिहा ही टेरी (ऊर्जा आणि पर्यावरणावर काम करणारी दिल्लीची संशोधन संस्था) आणि केंद्राच्या अक्षय ऊर्जा मंत्रालयाने मिळून आणलेली आपल्याकडचीच सिस्टीम आहे, आणि पहिलं पाच स्टार रेटिंग मिळालं आयआयटी कानपूरच्या कॅम्पसमधल्या बिल्डिंगला, त्यामुळे कॉलेजला हे झेपणार नाही असं मुळीच नाही.

हे रेटिंग देणाऱ्या ग्रिहा कौन्सिलच्या साइटवर रजिस्ट्रेशन करून फी भरायची. मग त्यांची माणसं आर्किटेक्ट-कॉन्ट्रॅक्टरसोबत मीटिंग घेतात, काम चालू असताना साइटवर येतात, शेवटी कागद तपासून रेटिंग देतात. १०० पैकी ५६ पॉइंटला तीन स्टार, ८६ ला पाच. रेटिंग ५ वर्षं चालतं, नंतर रिन्यू करायचं.

कागदांमध्ये साइट प्लॅन, एरिया स्टेटमेंट, झाडांचा सर्व्हे, विजेचा आणि पाण्याचा हिशोब, फ्लाय अॅश (कोळशाच्या राखेच्या) विटा, काच वगैरेची बिलं आणि कंपनीची पत्रं लागतात. तारखेसकट फोटो मात्र पहिल्या दिवसापासून काढा, एकाला हेच काम द्या, कारण माती झाकून ठेवल्याचा फोटो बिल्डिंग उभी राहिल्यावर कुठून आणणार?

आणि हो, ग्रीन ऑडिटचं (चालू कॅम्पसच्या पर्यावरण तपासणीचं) सर्टिफिकेट म्हणजे हे रेटिंग नाही, दोन्ही वेगळे.

मुंबई सोडून राज्यात बहुतेक ठिकाणी यूडीसीपीआर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) लागू आहे, त्यात तीन, चार, पाच स्टारला अनुक्रमे ३, ५, ७ टक्के जादा एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं ते प्रमाण) मिळतो. पण कबूल केलेलं रेटिंग शेवटी आलं नाही तर दंड बसतो, म्हणून आर्किटेक्टकडून पॉइंटचा हिशोब आधीच लिहून घ्या आणि चार-पाच पॉइंट जास्तीचेच धरा.