उन्या दे गातो: एक नाव, दोन वेली

पेरूच्या अॅमेझॉन खोऱ्यात ‘उन्या दे गातो’, म्हणजे मांजराची नखी, या एकाच नावाने दोन काटेरी वेली विकल्या जातात: उन्कारिया टोमेंटोसा आणि उन्कारिया गुयानेन्सिस. दोन्ही आपल्या कदंबाच्याच कुळातल्या असून दोघींच्या फुलांचे तसेच गोल गेंद असतात. अशानिंका आदिवासी सांधेदुखीवर जिची साल उकळून पितात ती प्रामुख्याने टोमेंटोसा. ही वेल मोठ्या झाडांच्या आधाराने 30 मीटरपर्यंत चढते, तिची फुले पिवळसर आणि नख्या जेमतेम वाकलेल्या असतात. गुयानेन्सिस त्या मानाने बुटकी, तोडलेल्या रानाच्या मोकळ्या जागेत पसरणारी. तिची फुले तांबूस-नारिंगी आणि नख्या आकड्यासारख्या पार आत वळलेल्या असतात. सालीची पूड झाली, की यातली एकही खूण उरत नाही.

खरा घोळ रसायनांचा आहे. टोमेंटोसात ऑक्सिंडोल अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारी एक प्रकारची नायट्रोजनयुक्त रसायने) भरपूर असल्यामुळे सूज त्यांच्यामुळेच उतरते असे धरून चालण्याची पद्धत पडली आणि पुष्कळशा डब्यांवर त्यांचेच प्रमाण छापले जाते. मात्र 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात गुयानेन्सिसमध्ये ही अल्कलॉइड कितीतरी कमी असूनही, दाह पेटवणाऱ्या टीएनएफ-अल्फा या प्रथिनाची निर्मिती रोखण्यात ती मागे पडली नाही. हे प्रयोगशाळेतील पेशींपुरते खरे असले, तरी अल्कलॉइडच्या आकड्यावरून दाहशामक गुण जोखण्याला त्यामुळे फारसा आधार उरत नाही.

माणसांवरचे पुरावेही वेगवेगळ्या वेलींचे आहेत. पेरूमध्ये गुडघ्याच्या संधिवाताच्या 45 रुग्णांवर झालेली चार आठवड्यांची चाचणी गुयानेन्सिसची होती: हालचाल करतानाच्या वेदना कमी झाल्या, पण गुडघ्याची सूज हटली नाही. ऑस्ट्रियात आमवाताच्या 40 रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीने दिलेला अर्क टोमेंटोसाचा होता आणि दुखऱ्या सांध्यांची संख्या घटली, तरी लाभ माफकच होता. एकीची चाचणी दुसरीच्या जाहिरातीत वापरणे ही माझ्या मते सरळ दिशाभूल आहे. तेव्हा डब्यावर पूर्ण शास्त्रीय नाव नसेल, तर तो घेऊ नये. आणि रक्त पातळ करणारी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी, दोहोंपैकी कोणतीही वेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.