विस्तारक्षम कोड एडिटर

विस्तारक्षम कोड एडिटर : प्रोग्राम लिहिण्यासाठी वापरला जाणारा, संगणकाकडून फारसे काही न मागणारा एडिटर. त्याच्या गाभ्याला हात न लावता त्यात नव्या आज्ञा, नव्या भाषांचे ज्ञान किंवा कळांची नवी जुळणी घालता येते. एक्लिप्ससारख्या आयडीईत, म्हणजे प्रोग्रामिंगची साधने एकत्र देणाऱ्या प्रणालीत, कंपायलर (कोड यंत्रभाषेत आणणारा), डीबगर (चुका शोधण्यास मदत करणारा), प्रकल्पाची मांडणी हे सारे तयार मिळते. एडिटरमध्ये ते मागाहून आणि हवे तेवढेच जोडायचे असते. ‘हलका’ हे विशेषण मात्र काळाबरोबर सरकत आले आहे. ईमॅक्स या जुन्या एडिटरच्या नावातील इंग्रजी अक्षरांची एके काळी ‘आठ मेगाबाइट आणि सतत स्वॅपिंग’ (स्मृती अपुरी पडून डिस्ककडे सारखी धाव) अशी थट्टेची फोड केली जाई. आज तेवढ्या स्मृतीत काम भागवणाऱ्या एडिटरला कोणी जड म्हणणार नाही.

विस्तारक्षमतेचा आरंभ कोठे मानावा, याविषयी एकमत नाही. डॅन मर्फी यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत पीडीपी-१ संगणकासाठी टेको हा एडिटर रचला. त्याच्या आज्ञा म्हणजे एक लहानशी भाषाच होती. पुढे तेथील कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी, बहुधा १९७४ च्या सुमारास, कोणत्याही कळीला आज्ञांची मालिका, म्हणजे मॅक्रो, बांधण्याची सोय टेकोत केली. मग जो तो आपापले मॅक्रो रचू लागला आणि एकाच्या सवयी दुसऱ्याच्या एडिटरमध्ये चालेनाशा झाल्या. हे विखुरलेले संच एकत्र करण्याचे काम १९७६ मध्ये गाय स्टील यांनी हाती घेतले व स्टॉलमन यांनी तडीस नेले. डेव्हिड मून यांचाही त्यात हात होता. हाच पहिला ईमॅक्स. त्याचे श्रेय एकट्या स्टॉलमन यांना देण्याचा प्रघात आहे, तो तितकासा नेमका नाही.

टेकोचे मॅक्रो वाचताना जाणकारांचीही दमछाक होई. विस्तारासाठी पुरी प्रोग्रामिंग भाषा वापरण्याचा मान दोघांकडे जातो : लिस्प यंत्रासाठी (लिस्प ही प्रोग्रामिंग भाषा चालवण्यासाठी बनवलेल्या संगणकासाठी) आइने हा एडिटर लिहिणारे डॅनियल वाइनरेब आणि हनीवेलमध्ये १९७८ मध्ये मल्टिक्स या संगणक प्रणालीवरचा ईमॅक्स मॅकलिस्पमध्ये (लिस्पच्याच एका रूपात) लिहिणारे बर्नार्ड ग्रीनबर्ग. कालक्रमाने आइने थोडा आधीचा असावा. पण लिस्प यंत्रावर अवघी प्रणालीच लिस्पमध्ये होती, त्यामुळे एडिटर त्याच भाषेत असणे ओघानेच आले. मल्टिक्सवर लिस्प ही जाणूनबुजून केलेली निवड होती आणि तिचा ठसा पुढच्या एडिटरांवर अधिक उमटलेला दिसतो. ग्रीनबर्ग यांच्या कचेरीतील सचिवही स्वतःच्या आज्ञा लिहू लागल्या, असे स्टॉलमन यांनी नमूद केले आहे. ज्या पुस्तिकेवरून त्या शिकल्या, तिच्यात याला प्रोग्रामिंग म्हणतात असे कोठेच लिहिलेले नव्हते. सी भाषेत लहान गाभा आणि बाकीचे बहुतेक सारे लिस्पमध्ये, ही जीएनयू ईमॅक्सची (१९८५) रचना याच वळणाची आहे.

व्हीआय या एडिटरची परंपरा वेगळी. बिल जॉय यांनी बर्कली येथे १९७६ च्या आसपास तो लिहिला, तेव्हा त्यांच्या हाती ३०० बॉडचा, म्हणजे अतिशय संथ, मोडेम होता. त्याच्या आज्ञा एकेका अक्षराच्या आहेत, त्यामागे हेही एक कारण आहे. तो हलका होता, पण विस्तारायला फारसा वाव देत नव्हता. ही उणीव ब्राम मूलेनार यांच्या व्हिमने (१९९१) भरून काढली; त्यात स्वतःची स्क्रिप्ट भाषा १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत आली. तरीही एखादे प्लगइन (जोडलेला विस्तार) रेंगाळले की अख्खा एडिटर अडकून पडे. निओव्हिम (२०१४) वेगळा निघाला त्यामागे ही तक्रार होती. व्हिमने पार्श्वभूमीवर कामे चालवण्याची सोय २०१६ मध्ये दिली.

एडिटर निवडताना प्लगइनांची संख्या पाहण्याची सवय आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते, ती कोठे चालतात हे आधी पाहावे. ईमॅक्समध्ये विस्तार एडिटरच्या पोटातच चालतो. म्हणून तो वाटेल ते बदलू शकतो आणि सारे ठप्पही करू शकतो. गिटहबच्या ॲटमने (२०१४) हेच स्वातंत्र्य क्रोमियम ब्राउझरवर आधारलेल्या इलेक्ट्रॉन या चौकटीवरील एडिटरमध्ये आणले. वेगाच्या तक्रारी त्याला अखेरपर्यंत चिकटून राहिल्या व डिसेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड (२०१५) त्याच इलेक्ट्रॉन पायावर उभा आहे, पण त्यातील एक्स्टेन्शन (प्लगइनांचे तेथील नाव) एडिटरपासून वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात आणि पडद्याच्या मांडणीला त्यांना थेट हात लावता येत नाही. सब्लाइम टेक्स्टमध्येही पायथनची प्लगइने गाभ्याबाहेर चालतात.

जडपणा कोठून येतो, हे मोजता येते. व्हिम ‘स्टार्टअपटाइम’ हा पर्याय देऊन उघडला, तर प्रत्येक फाइल वाचायला किती मिलिसेकंद लागले याची यादी मिळते. व्हीएस कोडमधील ‘एक्स्टेन्शन बायसेक्ट’ दर फेरीला संशयितांपैकी निम्मी एक्स्टेन्शन बंद ठेवून विचारते, अडचण अजून आहे का? बत्तीस एक्स्टेन्शनांतले दोषी एक अशा पाच फेऱ्यांत सापडते.

२०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल (एडिटर आणि भाषेचे ज्ञान पुरवणारा प्रोग्राम यांच्यातील संवादाचे नियम) खुला केला आणि भाषेचे ज्ञान एडिटरबाहेरच्या सर्व्हरकडे गेले. निओव्हिमने २०२१ मध्ये व ईमॅक्सने २०२३ मध्ये त्याचा क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारा भाग, अंगभूत केला. कोडमध्ये देवनागरी मजकूर असला की या प्रोटोकॉलची एक खोच जाणवते. ओळीतील स्थान त्यात मुळात यूटीएफ-१६ (यूटीएफ-८ प्रमाणे अक्षरे साठवण्याची एक पद्धत) च्या एककांत मोजतात. ‘मराठी’ या शब्दाची अशी एकके पाच, पण यूटीएफ-८ मध्ये बाइट पंधरा. सर्व्हरने बाइट मोजले, तर चुकीची अधोरेखा दहा घरे पुढे सरकते. दोन्ही बाजूंनी एकक ठरवून घेण्याची मुभा ३.१७ या आवृत्तीत मिळाली.

परवान्याकडे सहसा दुर्लक्ष होते. व्हीएस कोडचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली खुला असला, तरी मायक्रोसॉफ्ट वितरित करते ती तयार आवृत्ती वेगळ्या अटींवर मिळते आणि तिचे एक्स्टेन्शन भांडार इतर एडिटरांना खुले नाही. त्यामुळे त्याच कोडपासून बांधलेला व्हीएसकोडियम एक्लिप्स फाउंडेशनच्या ओपन व्हीएसएक्स भांडारावर विसंबतो, आणि पायथनसाठी बहुतेकांच्या सवयीचे असलेले पायलान्स हे मायक्रोसॉफ्टचे एक्स्टेन्शन त्यात वापरण्यास परवाना नाही.