जुन्या गाडीला एलईडी दिवे : बसवण्याआधी एवढे वाचा

"रात्री काही दिसत नाही, हेडलाइटला एलईडी टाकून द्या." फियाट, अँबॅसडर, जावा किंवा चेतक घेऊन आलेला ग्राहक बहुतेक वेळा हेच म्हणतो. आम्ही मात्र बल्बच्या खोक्याला हात लावण्याआधी मल्टिमीटर काढतो. असे का, ते या पत्रकात सांगितले आहे.

मागच्या पावसाळ्यात एक प्रीमियर पद्मिनी आली. वडिलांची गाडी, मुलाने जिवापाड जपलेली. इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावले आणि मोजले. बॅटरीवर १२.३ व्होल्ट, हेडलाइटच्या होल्डरवर १०.४. जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच गेले होते. अर्थची (करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी) वायर मडगार्डला ज्या स्क्रूने कसली होती तो काढला, तर खाली रंगाचा थर आणि त्याखाली गंज. फिलामेंटच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळाले की उजेड साधारण तीस टक्के उतरतो, त्यामुळे या गाडीत निम्म्याच्या आसपासच उजेड उरला होता. आम्ही पत्रा घासून अर्थ नवी केली, बॅटरीपासून जाड वायर आणि फ्यूज घेऊन डिपर-अप्परला दोन रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) बसवले. बल्ब तोच, ६०/५५ वॅटचा. संध्याकाळी कात्रज घाटात चक्कर मारून आल्यावर एलईडीचा विषय मालकांनीच सोडून दिला. आम्हाला त्यांना एलईडी विकता आला असता, पण गंजलेला जोड आत तसाच राहिला असता.

म्हणजे आम्ही एलईडीच्या विरोधात आहोत असे मुळीच नाही. जिथे त्याचा खरा उपयोग आहे तिथे आम्ही तो आग्रहाने बसवतो.

मागचे दिवे आधी

ब्रेक दाबल्यावर २१ वॅटच्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. एलईडी तत्क्षणी पेटतो. मागची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने येत असेल, तर तेवढ्या वेळात ती तीन मीटरहून जास्त पुढे येते. जुन्या गाडीचा टेल लॅम्प आधीच वाटीएवढा, त्यामुळे हा फरक मोलाचा आहे. फक्त लाल काचेमागे लाल एलईडी आणि पिवळ्या काचेमागे पिवळाच घ्या. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल रंगाचा अंश कमी असतो, म्हणून लाल काचेतून तो फिका, गुलाबीसर दिसतो. नंबर प्लेटवर उजेड टेल लॅम्पच्याच बल्बमधून पडत असेल, तर तिच्यासाठी पांढऱ्या एलईडीची सोय वेगळी करावी लागते.

दुसरा फायदा डायनॅमोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जनित्राच्या) गाड्यांना. दोन हेडलाइट, पार्किंग आणि टेल मिळून १० ते १२ अँपिअर ओढतात, आणि स्वारगेटच्या सिग्नलला गाडी न्यूट्रलवर असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. अँपिअर मीटरचा काटा मायनसकडे झुकतो आणि सगळा भार बॅटरीवर पडतो. मागचे दिवे, पार्किंग आणि मीटरमधले बल्ब एलईडी केले तरी बॅटरीला बराच श्वास मिळतो.

इंडिकेटर बदलायचे तर ते लुकलुकवणारा फ्लॅशरही बदलावा लागतो. जुना डबीतला फ्लॅशर बल्बच्या करंटनेच तापून टिकटिकतो, एलईडीवर तो एक तर चालत नाही किंवा भलत्याच गतीने चालतो. मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणे योग्य. बाजारात यासाठी रेझिस्टरही मिळतात, पण ते वाचवलेली वीज उष्णतेत घालवतात आणि हाताला चटका बसेल इतके तापतात. आम्ही इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरच लावतो. डॅशबोर्डवर डाव्या-उजव्यासाठी मिळून एकच दिवा असेल, तर एलईडी लावल्यावर चारही इंडिकेटर एकदम लुकलुकायला लागतात, कारण त्या दिव्याला परतीची वाट दुसऱ्या बाजूच्या बल्बमधूनच असते. दोन छोटे डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे) आणि एक अर्थ एवढ्यात ते काम होते. अल्टरनेटर (डायनॅमोच्या जागी आलेले नवे जनित्र) असलेल्या गाडीत मात्र चार्जिंगचा लाल दिवा बदलू नका. बऱ्याच अल्टरनेटरना सुरू होण्यापुरता करंट त्याच बल्बमधून मिळतो.

स्कूटरवाल्यांनी थांबावे

आपल्या आकुर्डीची जुनी चेतक आणि तिच्या काळातल्या बऱ्याच स्कूटर दिव्यांसाठी बॅटरी वापरत नाहीत. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोच्या (छोट्या जनित्राच्या) कॉइलमधून थेट एसी करंट येतो. रेस वाढली की उजेड वाढतो, सोडली की दिवा मिणमिणतो. टेलचा बल्ब उडाला की रेस दिल्यावर हेडलाइटचाही उडतो, हे ज्यांनी स्कूटर चालवली आहे त्यांना सांगायला नको. रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) नसलेल्या गाडीत बल्बच एकमेकांचे व्होल्टेज आवरून धरतात. तिथे एकाच जागी कमी वॅटचा एलईडी लावला तर उरलेल्या बल्बवर ताण येतो, आणि एलईडीही नुसता फडफडतो. नीट करायचे तर कॉइलचे बॉडीला जोडलेले टोक सोडवून वेगळी वायर काढायची, मग रेग्युलेटर-रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) आणि छोटी बॅटरी. हे एका दिवसात होत नाही. गाडी ६ व्होल्टची असेल तर आधी तसे सांगा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे प्लस टोक बॉडीला असते, तिथे साधा एलईडी बल्ब पेटतही नाही.

हेडलाइटचे काय?

एच-४ (डिपर आणि अप्पर अशा दोन तारांच्या) बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. तिच्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि उजेड रस्त्यावर खाली पडतो. एलईडीचे चिप नेमके त्या तारेच्या जागी, तेवढ्याच बारीक जागेत नसतील, तर किरण वर फेकले जातात. तुम्हाला खूप उजेड वाटतो आणि समोरच्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ याच गोष्टीबद्दल आहे : समोर ८ मीटरवर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. म्हणून बसवल्यावर आम्ही गाडी भिंतीसमोर उभी करतो. डिपरची रेघ (उजेडाची वरची कड) स्वच्छ पडली नाही तर बल्ब काढून घेतो, मग ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी.

रंग पिवळसरच घ्या. निळसर पांढरा प्रकाश डोळ्यांना जास्त खुपतो आणि जुन्या काचेत परकाही दिसतो. एलईडीचा पुढचा भाग काचेला तापवत नाही, त्यामुळे पावसाळ्यात आत धरलेला दमटपणा सुकत नाही, म्हणून रबर गॅस्केट नवे टाकतो. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर घरी पॉलिश लावून घासू नका, चांदीसारखा मुलामा क्षणात निघून जातो.

मूळ वायरिंग आम्ही कापत नाही, जोडण्या सॉकेटवर करतो आणि काढलेले बल्ब, फ्लॅशर पिशवीत घालून परत देतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालते, आणि २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करायची तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. काम पुन्हा उलटवता येईल असेच ठेवलेले बरे.

येताना आरसी आणा. आधी कोणी वायरिंगला हात लावला असेल तर तेही सांगा. हेडलाइटचे काम असेल तर गाडी दुपारी सोडा आणि न्यायला अंधार पडल्यावर या, म्हणजे भिंतीवरची रेघ तुम्हालाही दाखवता येईल.