शिथिलीकरण वेगळं, सजगता वेगळी

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी ‘माइंडफुलनेस’ म्हणजे सजगता म्हणून जे घेतलं जातं, ते बरेचदा शिथिलीकरण असतं. डोळे मिटायचे, अंग सैल सोडायचं, मंद संगीत ऐकायचं. त्यात वावगं काही नाही. पण ऐन रागाच्या वेळी ते उपयोगी पडत नाही, आणि मग ‘यांना माइंडफुलनेस जमत नाही’ असा शेरा त्या माणसावर बसतो. हा अन्याय आहे, कारण सजगता त्याला कुणी शिकवलेलीच नसते.

शिथिलीकरणाचा रोख शरीरावर असतो. स्नायू सैल झाले की श्वास आणि नाडी संथ होतात. सजगतेत काही बदलण्याचा आटापिटा नसतो. राग आलाय हे ओळखायचं आणि लक्ष एका ठरलेल्या जागी न्यायचं. शांतता येते ती मागाहून.

शिथिलीकरणाची प्रचलित रीत म्हणजे एकेक स्नायू ५ ते ७ सेकंद आवळायचा आणि २०-३० सेकंद सैल सोडायचा. इथे अडचण अशी, की ‘आवळलेलं’ आणि ‘सैल’ यांतला फरक आतून जाणवावा लागतो. तो जाणवला नाही तर माणूस नुसता जोर लावतो, श्वास कोंडतो. सेरेब्रल पाल्सीमुळे स्नायू आधीच ताठर असतील तर आवळल्यावर ते लवकर सुटत नाहीत, दुखतात. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असू शकतो, म्हणून मानेचे प्रकार गाळावेत. अशांसाठी शिलिंग आणि पॉपेन या संशोधकांनी १९८३मध्ये मांडलेली पद्धत सोयीची. तिच्यात आतल्या जाणिवेबद्दल विचारायचंच नसतं. डोकं टेकलेलं, जबडा सैल, खांदे खाली, बोटं किंचित वळलेली अशा डोळ्यांना दिसणाऱ्या दहा गोष्टी करून दाखवायच्या आणि करून घ्यायच्या. जमलं की नाही हे समोरच्याला पाहूनच कळतं.

सजगतेत या लोकांसाठी मला सर्वांत मोलाची वाटते ती तळपायांची पद्धत. मानसशास्त्रज्ञ निर्भय सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००३मध्ये मांडली, तीही आक्रमक वागण्यामुळे अडचणीत आलेल्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या एका प्रौढासोबत. माणसाने खुर्चीत बसायचं, दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले. श्वास नेहमीसारखा, मुद्दाम खोल नाही, कारण जोरजोरात श्वास घेतल्याने काही प्रकारच्या अपस्मारात झटका येऊ शकतो. आधी आनंदाची एखादी आठवण काढायची आणि तिथून लक्ष पायांवर आणायचं. हे सहज जमू लागलं, की मग रागाची आठवण. ती थोडा वेळ तशीच राहू द्यायची, दाबायची नाही. मग लक्ष तळपायांवर: बोटं हळूच हलवायची, पायमोजा कुठे लागतो, टाच बुटाला कुठे टेकते, तळव्याची कमान कुठे उचललेली आहे, हे एकेक करून बघायचं. शांत वाटेपर्यंत तिथेच थांबायचं. सराव १० ते १५ मिनिटांचा, दिवसातून दोनदा, आणि तो माणूस शांत असताना. भडका उडाल्यावर पहिल्यांदा शिकवायला गेलात तर ती सूचना त्याला शिक्षेसारखी वाटते.

बोलण्यातही फरक हवा. ‘विचारांना वाहू द्या’ हे अनेकांना नुसतं कोडं असतं. ‘अंगठा हलवा. बूट लागतोय? कुठे? बोट ठेवून दाखवा’ हे कळतं. वाक्य छोटं, एका वेळी एकच सूचना, आणि बोलणं मोठ्या माणसाशी बोलावं तसं. पस्तिशीचा माणूस ‘बाळ’ नसतो. ‘शांत वाटतंय ना?’ असं विचारलं की समोरच्याला खूश करायला अनेक जण ‘हो’ म्हणतात. त्यापेक्षा तीन चेहऱ्यांची चित्रं पुढे ठेवा, ती दर वेळी वेगळ्या क्रमाने. तळपायांचा स्पर्श कुणाला सोसत नसेल तर हाताचे तळवे घ्या. डोळे मिटण्याची सक्ती नको. ज्यांच्यावर कधी अत्याचार झालेत त्यांना डोळे मिटण्याचीच भीती वाटू शकते.

तेव्हा वेळ पाहून निवड करा. झोपेआधी, दवाखान्यात जाण्याआधी, दिवसभराच्या ताणानंतर शिथिलीकरण. कुणी चिडवलं, हात उगारला जातोय, अशा क्षणी तळपाय. तिथे आडवं पडायला ना जागा असते ना वेळ.

या दोन्हींआधी एक तपासणी मात्र चुकवू नका. वागणं काही आठवड्यांत बदललं असेल, माणूस आवडीच्या कामाला नाही म्हणत असेल, झोप उडाली असेल, येत असलेली कामं विसरत असेल, तर ‘अक्षमतेमुळेच’ म्हणून सोडून देऊ नये. दातदुखी, कानाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, थायरॉइड, नवीन औषध, नैराश्य यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. डाउन सिंड्रोम असलेल्यांत चाळिशीनंतर स्मृतिभ्रंशाचीही शक्यता धरावी. डॉक्टरांकडे जाताना झोप, जेवण, शौच आणि चिडण्याच्या वेळा यांची दोन आठवड्यांची नोंद सोबत न्या. स्वतःचं दुखणं शब्दांत सांगता येत नाही अशा माणसाच्या बाबतीत डॉक्टरांना तिचाच आधार असतो.