नेटवर्क कार्डावर किती भार टाकावा?

आपल्याच संगणकावरून बाहेर जाणारी पॅकेट्स, म्हणजे डेटाचे छोटे गठ्ठे, वायरशार्क या पॅकेट्स टिपणाऱ्या प्रोग्राममध्ये पहिल्यांदा पाहणारा हमखास गोंधळतो. साध्या इथरनेटवर एका फ्रेममध्ये (तारेवरच्या एका पाकिटात) 1500 बाइट्स मावतात हे त्याला पाठ असतं, आणि पडद्यावर वीस-तीस हजार बाइट्सचं पॅकेट दिसतं. चेकसमची (डेटा वाटेत बिघडला का ते ओळखणाऱ्या आकड्याची) तपासणी चालू ठेवली असेल तर तोही चुकलेला. फाइल मात्र पलीकडे धडधाकट पोहोचते.

याचं कारण साधं आहे. वायरशार्क पॅकेट टिपतो ते कार्डाच्या हाती जाण्याआधी, आणि तेव्हा ते अर्धवटच असतं. उरलेलं काम कार्ड करणार असतं. प्रोसेसरचं काम असं दुसरीकडे ढकलण्याला ऑफलोडिंग म्हणतात.

ढकलायचं कशाला? 10 गिगाबिटची लाइन पूर्ण आकाराच्या फ्रेम्सनी भरून वाहत असेल, तर सेकंदाला सुमारे 8 लाख 12 हजार पॅकेट्स होतात. 3 गिगाहर्ट्झच्या कोअरला एका पॅकेटमागे जेमतेम 3700 क्लॉक सायकल मिळतात. त्यात हेडर (पॅकेटच्या सुरुवातीची पत्ता वगैरे माहिती) वाचायचे, फायरवॉलचे नियम लावायचे, मार्ग शोधायचा. पॅकेट 100 बाइट्सचं असो की 1400, हा खटाटोप जवळपास तेवढाच. म्हणजे महाग पडते ती पॅकेटांची संख्या.

टीएसओ, म्हणजे तुकडे पाडण्याचं काम कार्डाकडे देणारी सोय, नेमकं इथेच बोट ठेवते. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) 64 किलोबाइटपर्यंतचा डेटा एकाच हेडरसह कार्डाला देतो. कार्ड त्याचे साधारण 1460 बाइट्सचे तुकडे पाडतं, प्रत्येकाला हेडर लावतं, अनुक्रमांक वाढवत नेतं आणि चेकसम भरतं. कर्नलमधल्या 45 फेऱ्यांचं काम एका फेरीत भागतं.

मला याहून मजेशीर वाटतं ते जीएसओ. 2006 मध्ये लिनक्सच्या 2.6.18 आवृत्तीत ते आलं. कार्डाला तुकडे पाडता येत नसतील तर कर्नल स्वतःच पाडतो, पण ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) अगदी दारात पोहोचल्यावर. तोवर मोठं पॅकेट अखंड राहतं. हार्डवेअरची काडीची मदत नसताना, नुसतं काम लांबणीवर टाकून वेळ वाचतो!

येणाऱ्या पॅकेटांचं गणित उलटं: लहान तुकडे जोडून मोठं पॅकेट करायचं. एलआरओ हे काम जरा सैल हाताने करतं, आणि जोडताना हेडरमधले बारकावे हरवू शकतात. डेटा याच यंत्रावर वापरायचा असेल तर फारसं बिघडत नाही. पण यंत्र राउटर असेल तर मूळ पॅकेट्स जशीच्या तशी पुढे पाठवणं अशक्य होतं. म्हणून फॉरवर्डिंग चालू केलं की लिनक्स एलआरओ आपणहून बंद करतो. नंतर आलेलं जीआरओ कडक आहे. हेडर नीट जुळले, पुन्हा तसेच तुकडे पाडता येणार असतील, तरच ते जोडतं.

मग टीसीपीचं (डेटा क्रमाने आणि खात्रीने पोहोचवणाऱ्या पद्धतीचं) अख्खं कनेक्शनच कार्डाकडे का सोपवू नये? तसे प्रयत्न झाले. त्यांना टीओई म्हणतात. विंडोजने ‘टीसीपी चिमनी’ या नावाने ते आणलं आणि पुढे मोडीत काढलं. लिनक्सच्या नेटवर्किंग विभागाने ते मूळ कर्नलमध्ये घेतलंच नाही. मला हा नकार रास्त वाटतो. चेकसम काढायला किंवा तुकडे पाडायला कार्डाला मागचं काही लक्षात ठेवावं लागत नाही. कनेक्शनचं तसं नाही. कुठवर पोच आली, काय पुन्हा पाठवायचं, वेग कधी कमी करायचा, हे सगळं कार्डाच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे कार्डातल्याच प्रोग्राममध्ये, जाऊन बसतं. तिथे सुरक्षेची त्रुटी सापडली तर कर्नल अपडेट करून भागत नाही, कार्ड बनवणाऱ्या कंपनीची वाट पाहावी लागते. शिवाय कर्नलच्या फायरवॉलला ती पॅकेट्स दिसतच नाहीत.

आपल्या कार्डावर काय चालू आहे ते लिनक्सवर ‘इथटूल’ ही आज्ञा दाखवते. तारेवर खरोखर काय जातंय हे पाहायचं असेल तर त्याच आज्ञेने टीएसओ, जीएसओ आणि जीआरओ तात्पुरते बंद करावेत, किंवा स्विचच्या मिरर पोर्टला (जाणाऱ्या पॅकेटांची नक्कल बाहेर देणाऱ्या जोडणीला) दुसरा संगणक लावून पॅकेट्स टिपावीत. त्या संगणकावरचं जीआरओ मात्र आठवणीने बंद ठेवावं, नाहीतर तोही तुकडे जोडूनच दाखवेल.